सुट्टीच्या दिवशी शिवलेली बाही

एकोणीसशे पंचाहत्तर साल रेडिओवाल्यांनी वीस मिनिटांत उरकलं. मासेमारीची हद्द दोनशे मैलांपर्यंत वाढली, नाताळच्या तोंडावर क्राफ्लाच्या डोंगरानं आग ओकली, ऑक्टोबरात देशभरच्या बायकांनी एक दिवस काम टाकून सुट्टी घेतली, आणि शेवटी त्या सालात गेलेल्या मोठ्या मोठ्या माणसांची नावं. त्यात आमच्या खोऱ्यातलं कोणी नव्हतं. आइसलँडच्या नकाशावर आमचं खोरं शोधायलाच चष्मा लागतो, त्यामुळे आमची तक्रारही नाही. आमचं साल आम्ही स्वतः सांगतो, फेब्रुवारीत, सभागृहात, जेवता जेवता.

त्याला आम्ही झडती म्हणतो. ऐन थंडीतली ती मेजवानी. घरटी एक लाकडी परात येते, परातीत ताकाच्या निवळीत मुरवलेलं मटण, भाजलेली मुंडी आणि नाकातले केस जाळणारा आंबवलेला शार्क. लोकांच्या पोटात दोन घास आणि दोन घोट गेले की त्या वर्षीची समिती उभी राहते, आणि गेल्या सालात कोणी कुठं शेण खाल्लं ते महिनावार वाचून दाखवते. पाद्रीसुद्धा सुटत नाही. तुम्हाला वाटेल लोक रागावत असतील. रागावतात, पण नाव नाही आलं तर. एका शेतकऱ्याचं नाव लागोपाठ तीन वर्षं आलं नव्हतं, तर चौथ्या वर्षी डिसेंबरात त्यानं कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्टर चरात घातला. मुद्दाम घातला असं मी म्हणत नाही, पण रस्ता सरळ होता.

मात्र झडतीच्या आधी सालात गेलेल्यांची नावं वाचायची, सगळ्यांनी उभं राहायचं, एक भजन म्हणायचं आणि मग बसायचं. मेलेल्या माणसाची थट्टा करायची नाही. ज्याचं नाव त्या यादीत गेलं, त्याचं नाव झडतीतून गळतं. हा नियम मी जन्मायच्या आधीचा.

त्या वर्षी समितीत आम्ही पाच जण होतो. प्रमुख गेस्तुर, वरच्या अंगाच्या सगळ्यात मोठ्या मळ्याचा मालक, माणूस सरळ पण भिडस्त. वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज खोऱ्यातल्या घराघरात पोचलेला. मी इंगुन. तोवर एकोणीस वर्षं इथल्या पोस्टात टेलिफोनच्या खुर्चीत बसलेली.

आमच्याकडे एका तारेवर अकरा घरं. प्रत्येक घराची घंटा वेगळी: कोणाची दोन लांब एक आखूड, कोणाची तीन आखूड. घंटा कोणाचीही वाजो, अकराही घरांत फोन उचलला जातो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ऐकता ऐकता खोकणं मात्र असभ्यपणाचं समजतात. आणि तारेवरच्या तारेवर एकमेकांना बोलवायचं तर माझी गरजच नसते, दांडी फिरवली की झालं. मी मात्र सगळं ऐकते. ते माझं कामच आहे असं मी धरून चालते.

आणि त्या एकोणीस वर्षांत या तारेवर झालेलं सगळ्यात भारी संभाषण माझ्याकडून हुकलं, कारण त्या दिवशी मी सुट्टीवर होते.

चोवीस ऑक्टोबर. बायकांची सुट्टी. मी टेलिफोनचं दार बंद करून किल्ली खिशात टाकली आणि सभागृहात गेले. खोऱ्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. भाषणं झाली, गाणी झाली. कॉफी करायला दोन पुरुष नेमले होते, त्यांनी डांबर करून आणलं, म्हणून कॉफी शेवटी आम्हीच केली. साल्वोर माझ्या शेजारी बसली होती. सत्तरीला टेकलेली, बांध्यानं बारीक आणि जिभेला धार. तिचा नवरा बेर्गुर घरी एकटा होता, आणि दिवसभर तिच्या मनात येत होतं की हा माणूस आज काय जाळून ठेवतोय कोण जाणे.

बेर्गुर म्हणजे झडतीचं कायमचं गिऱ्हाईक. साधा, उत्साही आणि कायम दुसऱ्याला मदत करायच्या नादात स्वतः खड्ड्यात जाणारा. एका साली त्यानं शेजाऱ्याचा हरवलेला मेंढा शोधून आणला आणि मोठ्या प्रेमानं चुकीच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधला. एका साली पाद्र्याच्या घराचं छत रंगवताना शिडी स्वतःच रंगवून टाकली आणि वाळेपर्यंत वर अडकून बसला. त्याचं नाव आलं की लोक आधीच हसायला लागायचे आणि तो सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

तर त्या दिवशी त्याच्या मनात आलं की बायकोला चकित करावं. मेंढ्या कापायचे दिवस होते. कोथळी करायची राहिली होती: मेंढीच्या पोटाची पिशवी घ्यायची, तिच्यात रक्त, राईचं पीठ आणि चरबी भरायची, तोंड शिवायचं आणि उकडायची. आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायका करतात, पुरुष फक्त खातात. बेर्गुरनं भरलं सगळं नीट. शिवायच्या वेळी त्याचं अडलं. त्यानं फोनची दांडी फिरवली, आणि उरलेल्या दहाच्या दहा घरांत ज्यांनी फोन उचलला ते सगळे पुरुष.

त्यानं विचारलं, "बाबांनो, कोथळी शिवायची कशी?"

यातल्या एकानंही आयुष्यात सुई धरली नव्हती, पण सल्ला सगळ्यांनी दिला. कोणी म्हणाला टाके लांब घाल, कोणी म्हणाला बारीक. कोणी मासेमारीच्या जाळ्याची गाठ समजावून सांगितली. दोघांचं मधेच भांडण लागलं. एकानं हळूच विचारलं की बटाटे उकडायला पाणी लागतं का. बेर्गुरनं सगळ्यांचं सगळं ऐकलं आणि शिवायला बसला. चष्मा सापडेना, कारण तो कुठं असतो ते फक्त साल्वोरला माहीत. शिवून झालं, उठला, तर कोथळी बरोबर उठली. त्यानं तिचं तोंड स्वतःच्या स्वेटरच्या बाहीसकट शिवलं होतं, आतल्या सदऱ्यासकट.

आता टाके उसवावे, तर सगळं रक्त सांडणार, स्वेटर काढायला हात वर करावा, तर टाक्यांतून ते ठिबकणार, आणि फरशी साल्वोरनं सकाळीच घासलेली. बाही कापावी, तर स्वेटर तिनं आख्खा हिवाळा विणलेला. मोकळ्या हातानं त्यानं परत दांडी फिरवली, झाला प्रकार खोऱ्याला सांगितला, आणि कोथळी मांडीवर घेऊन बसून राहिला.

मला हे दुसऱ्या दिवशी दहा पुरुषांकडून दहा तऱ्हांनी कळलं. मी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं मी हवापाण्याच्या गप्पा आणि गाईंची दुखणी ऐकली, आणि नेमकी त्या दिवशी मला समतेची हौस आली होती. एक मात्र नक्की होतं: पुढच्या झडतीत ऑक्टोबर महिना बेर्गुरचा.

डिसेंबरच्या नऊ तारखेला बेर्गुर मेंढ्यांना चारा घालून घरात आला, कॉफीला बसला, आणि कप अर्धा असतानाच गेला. एकाहत्तर वर्षांचा होता. मी टेलिफोनच्या खुर्चीत बसून रडले आणि मधे ज्यांनी फोन केले त्यांना सांगितलं, थांबा जरा. त्यांनीही काही विचारलं नाही.

जानेवारीत समिती पोस्टाच्या मागच्या खोलीत बसली. फोनवर बैठक घ्यायची सोय नव्हती, का ते सांगायला नको. गेस्तुरनं बेर्गुरचं नाव मृतांच्या यादीत सगळ्यात वर घातलं, आणि ऑक्टोबरच्या पानावर लाल पेन्सिलीनं काट मारली. मी वाद घातला. म्हटलं, अरे, हेच तर या सालातलं सगळ्यात मोठं घडलं. गेस्तुर म्हणाला की पंधरा वर्षांपूर्वी समितीनं एका सुतकातल्या घराची चेष्टा केली, तर त्या घरानं सहा वर्षं कोणाला कॉफी विचारली नाही. विधवेसमोर तिच्या नवऱ्यावर हसायचं म्हणजे काळीज दगडाचं हवं. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. माझं मत एक, त्यांची चार.

त्यानंतर तीन दिवसांनी साल्वोर दुधाच्या गाडीतून पोस्टात आली. पत्र नाही, पार्सल नाही. काळा कोट, हातमोजे काढून समोर ठेवले आणि उभी राहिली. गेस्तुर तिच्याकडे जाऊन सांगून आला होता की बेर्गुरचं नाव मोठ्या मानानं पहिलं वाचणार. त्यानं टोपी छातीशी धरून सांगितलं होतं.

तिनं मला विचारलं, "आणि बाहीचं काय?"

मी इकडचं तिकडचं बोलायला लागले. तिनं हात वर केला आणि मला गप्प केलं.

"इंगुन, ऐक. बेर्गुर गेल्यापासून माझ्यासमोर कोणी हसलं नाहीये. दुकानात शिरले की बोलणी थांबतात. माझी घंटा वाजली तर दहा जण फोन उचलतात, पण आता कोणी श्वासही घेत नाही. लोक घरी येतात, टोपी काढतात आणि हसू दाराबाहेर ठेवून आत येतात. चांगली माणसं आहेत, मला कळतं. पण या खोऱ्यात बेर्गुर होता कशानं? हसण्यानंच होता ना? तुम्ही त्याला यादीत घालून उभं राहिलात, भजन म्हटलंत आणि बसलात, की संपला. मग तो फक्त मेलेला माणूस. तसे वर्षाला तीन-चार जातात."

मी म्हटलं की नियम आहे, आणि समितीत मी एकटी नाही.

"वाचणारी तर एकटीच आहेस ना?" ती म्हणाली, हातमोजे घातले आणि दुधाच्या गाडीत जाऊन बसली.

मला तिचा राग आला. सगळं माझ्या डोक्यावर टाकून गेली म्हणून आला. तिला शब्द दिला नाही, आणि तिनं मागितलाही नाही. पण काट मारलेलं पान मी फाडलंही नाही.

सात फेब्रुवारीला सभागृह खच्चून भरलं. सुतक असलं तर पहिल्या वर्षी लोक मेजवानीला येत नाहीत, पण साल्वोर आली. काळा पोशाख, चांदीचं बक्कल, आणि स्वतःची परात स्वतः उचलून. तिला वाट करून देताना लोकांनी आवाज असे खाली आणले की ताटांतल्या सुऱ्या ऐकू यायला लागल्या. ती तिसऱ्या टेबलाशी बसली आणि मुंडीचा एक डोळा काढून खाल्ला.

मी तीन नावं वाचली. पहिलं बेर्गुरचं. सगळे उभे राहिले, भजन झालं, पुष्कळांनी डोळे टिपले आणि बसले. मग झडती सुरू झाली. जानेवारीत पाद्र्याची मोटार शेणाच्या खड्ड्यात गेली होती आणि तो रविवारी त्याच वासासकट प्रवचनाला उभा राहिला होता. मे महिन्यात सहकारी दुकानानं पहिलं शीतकपाट आणलं आणि ते चालू करायचं विसरून आठवडाभर त्यात मासे ठेवले. लोक टेबलं बडवत होते. पाद्री हसून हसून लाल झाला होता. साल्वोर सगळ्यांबरोबर हसत होती, आणि तिच्या टेबलावरची माणसं ती हसली की चपापून गप्प होत होती.

सप्टेंबर संपला. लाल काट मारलेलं पान माझ्या हातात होतं. गेस्तुर शेजारी बसला होता, तो पुटपुटला, नोव्हेंबर. मी साल्वोरकडे पाहिलं. तिनं इशारा वगैरे काही केला नाही. हातातला काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी वाचायला लागले. "ऑक्टोबर. चोवीस तारखेला खोऱ्यातल्या बायका घराबाहेर पडल्या, आणि तारेवर उरलेल्या अकरा पुरुषांपैकी एकालाच काहीतरी करून दाखवायची बुद्धी झाली. त्याचं नाव बेर्गुर."

गेस्तुरनं माझा स्कर्ट ओढला. मी त्याचा हात झटकला आणि पुढे वाचलं. टाक्यांवरून झालेलं भांडण वाचलं, जाळ्याची गाठ वाचली, बटाट्यांना पाणी लागतं का ते वाचलं. कोणी हसेना. दीडशे माणसं श्वास कोंडून साल्वोरकडे बघत होती. एरवी याच माणसांनी छप्पर उडवलं असतं. मला वाटलं, घात केला मी, बाईला मधोमध नेऊन उभं केलं. तरी वाचत राहिले, कारण थांबले असते तर ते आणखी वाईट झालं असतं. "आणि बेर्गुर उठला, तर उजव्या बाहीबरोबर कोथळीही उठली."

"चूक आहे," साल्वोर म्हणाली.

ती उठून उभी राहिली.

"उजवी नव्हे, डावी. शिवत होता उजव्या हातानं, मग उजवी बाही कशी शिवेल? तो अजागळ होता, पण इतकाही नव्हता."

मागच्या टेबलावर कोणाला तरी ठसका लागला. तो हसण्याचा होता, पण त्या माणसानं तो खोकल्यात लपवला.

साल्वोर म्हणाली, "लपवू नकोस. आणि कोथळी मनगटाशी घट्ट दाबून शिव, सांडणार नाही, ही अक्कल त्याला कोणी दिली ते या पानावर का नाही, ते गेस्तुरला विचारा."

गेस्तुर मानेपर्यंत लाल झाला. दहा पुरुषांच्या दहा गोष्टींत हे एक कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दहांत असूनही त्यानं स्वतः तर नाहीच नाही. पान त्यानं भिडेपोटी खोडलं यावर माझा आजही विश्वास आहे. बाराआणे विश्वास आहे. तिथून पहिलं हसू फुटलं, मग दुसरं, आणि मग आवरेना.

साल्वोर हसू ओसरायची वाट बघत थांबली. मग ती बोलायला लागली आणि तिला आवाज चढवावा लागू नये म्हणून लोक आपोआप गप्प झाले.

"तुम्हाला फोनवरचं माहीत आहे. पुढचं मला एकटीलाच माहीत आहे. मी पाच वाजता घरी आले. हा मांडीवर कोथळी घेऊन बसलेला, लेकराला घेऊन बसावं तसा. मला म्हणतो, पाय पूस, फरशी स्वच्छ आहे. मी इतकी हसले की मला त्याच स्वच्छ फरशीवर बसावं लागलं. मग म्हणाला, आता सोडव. मी म्हटलं, आज सुट्टी आहे माझी. तो म्हणाला, किती वाजेपर्यंत? मी म्हटलं, दिवस संपेपर्यंत."

बायकांच्या टेबलांवरून जो आवाज उठला तसा आवाज मी त्या सभागृहात कधी ऐकला नव्हता. पाद्र्याची बायको बाकावर आडवी झाली होती.

"बसवलं मी त्याला तसंच. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याजवळ सलग अर्धा तास बसला नव्हता. कायम कोणाचा तरी मेंढा, कोणाचं तरी छप्पर. त्या दिवशी पाच तास बसला. जाणार कुठं? मी त्याला कॉफी पाजली, भाकरी भरवली, आणि आम्ही बोललो. त्यानं मला सांगितलं की लग्नाआधी तो तीनदा आमच्या दारापर्यंत आला होता, आणि तिन्ही वेळा माझ्या वडिलांना मेंढी हरवल्याचं सांगून परत गेला होता. मेंढी हरवलीच नव्हती. आणि माझ्या वडिलांनी त्या मेंढीपायी तीन दिवस डोंगर पालथा घातला होता. हे मला एक्केचाळीस वर्षं माहीत नव्हतं."

ती थांबली. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि यातलं काय कशासाठी ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मला तरी येत नव्हतं.

"दहाला मी टाके उसवले. हात मोकळा झाला, तर तो मनगट चोळत विचारतो, पुढची सुट्टी कधी आहे? मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाला, मग पुढच्या वर्षी दोन्ही बाह्या शिवून घेतो."

साल्वोरनं हात मागे नेऊन खुर्चीची पाठ चाचपली. मला वाटलं आता ती कोसळणार, आणि मी टेबलाच्या कडेनं निघालेही. पण ती कोसळली नाही. ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग बेर्गुर हसायचा तशी मोठ्यानं, खुर्चीची पाठ धरून, गालांवरून पाणी वाहत असताना. आणि सगळं खोरं तिच्याबरोबर हसलं. मी तीस वर्षं या मेजवानीला जातेय, तसं हसू पुन्हा कधी झालं नाही.

नोव्हेंबर आणि डिसेंबर कोणी ऐकले नाहीत. मी वाचले, पण माझं मलाही लक्ष नव्हतं. मग बाकं भिंतीला लावली, अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं, आणि गेस्तुर टोपी नसलेल्या हातांचं काय करावं ते न कळून साल्वोरसमोर जाऊन उभा राहिला. क्षमा मागावी की नाचायला बोलवावं हे त्याचं ठरत नव्हतं. साल्वोरनंच त्याचा हात धरून त्याला मधे ओढलं. काळ्या पोशाखात ती सगळी रात्र नाचली, पाद्र्याबरोबर नाचली, माझ्याबरोबरही नाचली. पहिला नाच मात्र गेस्तुरबरोबर, आणि त्या एका नाचात तिनं त्याच्या पायावर चारदा पाय दिला. तीनदा मुद्दाम दिला असं ती मला नंतर म्हणाली, आणि चौथा बेर्गुरकडून.